आठवं पत्र आणि अण्णांचा कान

सात पत्रं झाली होती, आठवं अडलं होतं, आणि त्या आठवड्यात मी एका जागी दहा मिनिटं बसलो असेन तर शपथ. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून फ्रीजपर्यंत माझ्या येरझाऱ्या चालू होत्या. फ्रीज उघडायचा, काही न घेता बंद करायचा, मेल बघायची, परत खिडकी. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी एकदा वर येऊन विचारलंसुद्धा, की घरात काही सामान हलवताय का. मी म्हटलं, नाही, मीच हलतोय.

बायको अकरा महिन्यांपूर्वी नोकरीसाठी अमेरिकेला गेली होती आणि सात वर्षांची मुलगी तिच्याबरोबर. तिच्या व्हिसावर मला जाता येत होतं, पण तिथे काम करता येत नव्हतं. तो विचारही मी महिनाभर घोळवून पाहिला. रिकामा बसलेला मी म्हणजे घराला ताप, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मग कुणीतरी सांगितलं की असाधारण क्षमतेच्या माणसांसाठी एक वेगळा व्हिसा असतो. मी हसलो. बायको हसली नाही. "हसून झालं की अर्ज कर," एवढंच म्हणाली.

या अर्जाचा सगळा डोलारा शिफारसपत्रांवर उभा असतो. आपल्या क्षेत्रातल्या मोठ्या माणसांनी लिहायचं की हा गृहस्थ असामान्य आहे. पण मोठ्या माणसांना वेळ नसतो, म्हणून मसुदा अर्जदारानेच करून द्यायचा आणि त्यांनी वाचून, हवं ते बदलून, सही करायची. हा सर्रास रिवाज आहे, कुणी लपवतही नाही. थोडक्यात, आपली आरती आपणच रचायची आणि ताट दुसऱ्याच्या हातात द्यायचं.

पहिलं पत्र लिहायला मला तीन आठवडे लागले. 'यांनी प्रयत्नपूर्वक काम केले' असं लिहून मी ते अमेरिकेतल्या वकीलबाईंना पाठवलं. त्यांनी लाल अक्षरांत परत धाडलं. प्रयत्न सगळेच करतात, तुम्ही केलंत असं काय जे दुसऱ्या कुणी केलं नाही? हे लिहा. जोरकस लिहा. मी जोर लावला. दुसऱ्या पत्राला दहा दिवस लागले, चौथ्याला दोन, आणि सहावं मी एका दुपारी बसल्या बैठकीला लिहून टाकलं. सांगायला लाज वाटते, पण त्याची गोडी लागते. प्रत्येक पत्रात निराळा आवाज काढायचा, एकात प्राध्यापकाचा, एकात कंपनीच्या मालकाचा, आणि प्रत्येक आवाजात स्वतःला डोक्यावर घ्यायचं. 'एकट्याने' हा शब्द वकीलबाईंनी सुचवला नव्हता. तो माझा. सातही पत्रांत मी तो पेरला होता.

मुलीने तिकडे फ्रीजवर पांढरा फळा लावला होता. एक पत्र झालं की एक रेघ. आठ रेघा झाल्या की बाबा येणार, असा तिचा साधा हिशेब. रोज संध्याकाळी, म्हणजे तिच्या सकाळी, व्हिडिओ कॉलवर ती तोंडात ब्रश घेऊन विचारायची, "किती झाली?" पंधरा दिवस मी 'सात' सांगत होतो आणि तिच्या तोंडातला फेस बघत होतो.

आठवं पत्र हवं होतं ते माझं उपकरण खरोखर रस्त्यावर वापरलं गेलं याचं. उपकरण म्हणजे एक पेटी. जमिनीखालच्या नळातलं पाणी कुठे गळतंय हे ती आवाजावरून ओळखते, आणि मग अख्खा रस्ता खणण्याऐवजी एक खड्डा खणून भागतं. ते काम आमच्या कंपनीने यशवंतपूर भागात केलं, तेव्हा पाणीपुरवठा खात्यातले जे साहेब त्यावर होते ते आता निवृत्त होऊन हेब्बाळला राहतात. मी मसुदा त्यांच्याकडे नेला. त्यांनी तो चष्मा कपाळावर चढवून, कागद नाकाजवळ धरून दोनदा वाचला.

"मी फायलीवर सह्या केल्या," ते कन्नडमध्ये म्हणाले. "रस्त्यावर मी कधी उतरलो नाही. माझा वॉटरमन उतरायचा, तुझ्याबरोबर. आहे ना तो अजून?"

आहे, म्हटलं.

"सरी, ठीक आहे. रविवारी त्याला घेऊन ये. त्याला हे वाचून दाखव. तो खरं म्हणाला की मी सही करतो."

मी मान डोलावली आणि जिन्यावरून उतरताना एक पायरी चुकलो.

तो वॉटरमन, खात्याचा नळांवर काम करणारा माणूस, म्हणजे अण्णा. निपाणीकडचे, वयाने माझ्या वडिलांच्या जवळपास. आमचं घराणं कित्येक पिढ्या बेंगळुरूतलं, त्यामुळे माझी मराठी निम्मी कन्नड. पहिल्या दिवशी मी त्यांना "अण्णा, स्वल्प थांबा" म्हटलं तेव्हा ते रस्त्यातच हसत सुटले होते. "सायेब, ही मराठी कुठल्या दुकानात मिळाली?" तेव्हापासून आमचं जमलं.

माझी पेटी तेव्हा मुकी होती. तिच्यात नळाचे हजारो आवाज भरले होते, पण कुठला आवाज गळतीचा आणि कुठला नुसत्या वाहत्या पाण्याचा, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मलाही माहीत नव्हतं. अण्णांना माहीत होतं. त्यांच्याकडे, आधीच्या वॉटरमनकडून विद्येसकट आलेली, कमरेपेक्षा उंच लोखंडी सळई होती, वरच्या टोकाला लाकडी चकती. सळई रस्त्यावर टेकवायची, चकतीला कान लावायचा, डोळे मिटायचे. यशवंतपूरच्या बाजारात ट्रक यायच्या आधी, पहाटे, सात महिने आम्ही गल्ल्या हिंडलो. ते म्हणायचे "हाय" किंवा "न्हाई", आणि मी वहीत लिहून घ्यायचो. पुढे जिथे जिथे खणलं तिथे त्यांचं 'हाय' क्वचितच चुकलेलं निघालं. एकदा मी विचारलं, नक्की काय ऐकू येतं? त्यांनी बराच विचार केला. "वाहतं पाणी गुणगुणतंय बगा. गळतं पाणी खाजवतंय. आतनं कुणी नखानं खाजवल्यागत." घरी येऊन मी खरोखर तसलाच आवाज शोधला आणि पेटीला तो ओळखायला शिकवलं. पेटी बोलू लागली. पेटी आल्यावर खात्याला सळईची गरज उरली नाही, आणि अण्णांना व्हॉल्व्ह उघडायच्या-बंद करायच्या कामावर घातलं.

आणि आठव्या पत्रात मी लिहिलं होतं: 'या उपकरणापूर्वी शहरात गळती ऐकून ओळखण्याची कोणतीही पद्धत अस्तित्वात नव्हती. अर्जदाराने ती एकट्याने, शून्यातून उभी केली.'

रविवारपर्यंत माझ्या हातात चार दिवस होते. एक वाक्य खोडायला चार सेकंद लागतात. मी ते खोडलं नाही. मसुदा उघडायचो, त्या वाक्याशी यायचो, उठायचो, फ्रीज उघडायचो. ते काढलं तर पत्रात उरतं काय? एक माणूस वही घेऊन दुसऱ्याच्या मागे हिंडला, एवढंच. मग गुरुवारी मला एक युक्ती सुचली आणि त्या दिवशी मी पोटभर जेवलो. साहेब इंग्रजी वाचतात, अण्णांना इंग्रजी येत नाही. अण्णांना मी मराठीत सांगीन. साहेब कन्नड माणूस, त्यांना मराठी कळायची नाही. एक वाक्य मधल्यामध्ये गाळलं तर कुणाला पत्ता लागणार? अण्णांना दुखवायचंही नाही, असं वर स्वतःला समजावलं. स्वतःच्या लबाडीला मी दयेचं नाव दिलं होतं.

रविवारी अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून यशवंतपूर स्टेशनच्या बाहेर उभे होते. रिक्षात म्हणाले, "सायबांनी आटवण काढली, बरं वाटलं. तुमचं काम हाय म्हनलासा, कसलं?" मी म्हटलं, मुलीकडे जायचं आहे, साहेबांची सही हवी. ते माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "मग जायलाच पायजे की." हेब्बाळ येईपर्यंत मी कागदाच्या गुंडाळीची टोकं दुमडत राहिलो.

"बन्नी, बन्नी, या," म्हणत साहेबांनी अण्णांना खुर्ची दिली. अण्णा खुर्चीच्या काठावर बसले. कॉफी आली. मी वाचायला लागलो, इंग्रजीवर नजर ठेवून तोंडाने मराठी. 'असाधारण'चं मी 'चांगलं' केलं. 'जागतिक महत्त्वाच्या'चं 'उपयोगी' केलं. ते वाक्य आलं तशी माझी जीभ त्यावरून उडी मारून पुढच्या परिच्छेदावर गेली, इतकी सहज, की मलाच नवल वाटलं. संपल्यावर अण्णा म्हणाले, "होय, खरं हाय. लई हिंडलाय हा पोरगा. थंडीत बी यायचा. करा सही सायेब."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. मग कागदावर पेन टेकवून थांबले.

"बेळगावात नऊ वर्षं होतो मी," ते म्हणाले, आणि हे ते मराठीत म्हणाले. "तिसऱ्या परिच्छेदातलं शेवटचं राहिलं. तेवढं पण सांग की त्यांना."

माझे कान तापले. पंखा फिरत होता, आतून भांड्यांचा आवाज येत होता. मी कागद वर धरला, म्हणजे तोंड झाकेल. आणि वाचलं. मराठीत ते वाक्य इंग्रजीपेक्षा फार मोठं वाटलं. गळती ऐकून ओळखण्याची कोणतीही पद्धत नव्हती. मी ती एकट्याने उभी केली.

अण्णांनी कॉफीचा पेला खाली ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मला बरं झालं असतं. एखादं गणित जुळत नाही तसे ते माझ्याकडे बघत होते.

"मग मी काय ऐकत हुतो?" त्यांनी विचारलं.

ते वाट बघत राहिले, खरंच मी काही सांगेन म्हणून. मग त्यांनी उजव्या कानाची पाळी चोळली. सळईची चकती टेकून टेकून तिथे त्यांना घट्टा पडला आहे. मग साहेबांकडे वळून म्हणाले, "असू दे. इंग्लिशमदी तसंच लिवत असतील. करा सही. लेकरू तिकडं वाट बगतंय त्याचं."

साहेबांनी सही केली नाही. पेन माझ्यापुढे ठेवलं आणि आत निघून गेले. आम्ही दोघंच उरलो. मी ते वाक्य खोडलं आणि समासात, उभ्या-आडव्या ओळींत, नवीन लिहिलं: गळती ऐकण्याची विद्या या माणसाची होती, ती त्याला त्याच्या आधीच्या वॉटरमनकडून मिळाली होती, अर्जदाराने ती यंत्राला शिकवली. त्यांचं पूर्ण नाव विचारलं. इतक्या वर्षांत मला ते माहीत नव्हतं. त्यांनी सांगितलं, वडिलांच्या नावासकट, आणि अक्षरं कळत नसली तरी मी चुकू नये म्हणून कागदावर वाकून बघत राहिले. खालच्या झेरॉक्सच्या दुकानात मी ते टाईप करून आणलं, साहेबांनी वाचलं, सही केली आणि आम्हाला दुसरी कॉफी दिली.

परतीच्या वाटेवर अण्णा नेहमीसारखे बोलत होते. व्हॉल्व्हचं नवं काम, गावाकडचा पाऊस, असंच काहीबाही. मी दर वाक्याला 'हो' म्हणत होतो आणि त्यांच्या कानाकडे बघायचं टाळत होतो.

संध्याकाळी पत्र वकीलबाईंना पाठवलं. त्यांचा लगेच फोन आला. पत्र सच्चं वाटतं, म्हणाल्या, पण पंचाईत आहे. बाकीच्या सात पत्रांत तुम्ही सगळं एकट्याने केलंय आणि आठव्यात दोघांनी. अधिकारी दोन्ही वाचणार. तेव्हा एक तर हे आठवं पत्र बाजूला ठेवा आणि सातावरच अर्ज करू, जमेल तेही. नाहीतर सातही पत्रं बदला, सातही जणांकडून परत सह्या घ्या. म्हणजे निदान तीन महिने, आणि दावाही हलका पडेल. जमेल याची मी हमी देत नाही. विचार करून सांगा.

मी फ्रीजपर्यंत गेलो. उघडला नाही. परत येऊन खुर्चीत बसलो आणि त्यांना दोन ओळींत उत्तर लिहिलं.

मग बायकोला फोन लावून सगळं सांगितलं, युक्तीसकट. अजून तीन महिने लागतील, हेही सांगितलं. ती म्हणाली, "तिला तूच सांग," आणि फोन मुलीच्या हातात दिला. तिच्या तोंडात ब्रश होता.

"किती झाली?"

"एक," मी म्हटलं.

तिने ब्रश बाहेर काढला. "सात होती ना?"

"ती चुकली होती. परत लिहायची आहेत."

"सगळी? खोडून?"

"सगळी."

तिचं गणित कधी चुकलं की तिची आई पान फाडू देत नसे, खोडून परत करायला लावायची, आणि बहुतेक तिला तेच आठवलं. ती रडेल असं मला वाटलं होतं. तिने फोन टेबलावर आडवा ठेवला, त्यामुळे मला फक्त त्यांच्या घराचं छत दिसत होतं. तिकडून फळ्यावर फडकं घासल्याचा आवाज येत राहिला, आणि मी डोळे मिटून तो ऐकत बसलो.