बापाचं दूध

मामाजी भिलाईला आले ते एका हातात ट्रंक आणि दुसऱ्या हातात फडकं बांधलेली टोपली घेऊन. मामाजी म्हणजे माझे सासरे. आमच्या भंडाऱ्याकडे सासऱ्याला मामाजीच म्हणतात. त्या उन्हाळ्यात सासूबाई वारल्या होत्या, म्हणून नवऱ्याने त्यांना आमच्याकडे आणलं. मला वाटलं टोपलीत कुरडया-पापड असतील. फडकं सोडलं तर आतून कबुतरांची एक जोडी माझ्याकडे टकामका बघत होती.

माझं डोकंच फिरलं. कारखान्याचं बांधकाम तेव्हा जोरात होतं. धूळ इतकी की कणीक मळून होईपर्यंत ती लालसर व्हायची. घरात अंगावर पिणारं लेकरू, नवऱ्याच्या शिफ्टा, आणि नळ म्हणजे आला तर आला. "माणसायले जागा नाही आन पाखरं आणून राहिले," असं मी चुलीशीच म्हणाले, पण मामाजींना ऐकू जाईल इतक्या आवाजात. मागच्या आंगणात पॅकिंगच्या पेट्यांची फळकुटं ठोकून त्यांनी खुराडं केलं, जाळी लावली आणि जोडी आत सोडली.

मामाजी बाळाला सांभाळत, तांदूळ निवडून देत, पण मन इथं नव्हतं. रोज संध्याकाळी नवऱ्याला विचारायचे, "नागपूरची पॅसिंजर किती वाजता येते रे?" तो वेळ सांगायचा. ते मान हलवायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मला धास्ती बसली होती की हा माणूस एक दिवस ट्रंक उचलेल आणि निघून जाईल. तिकडे त्यांना भाकर घालायला कोणी नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही त्यांच्यावाचून दिवस काढणं जड गेलं असतं.

एकदा मी विचारलं, "मामाजी, तुम्ही यायले कधी उडवत कावून नाही जी?"

"सोडलं तं गावाले जातीन," ते म्हणाले. "कबुतर जिथं जन्मलं तेच त्याचं घर. आपल्या घराले कुलूप आहे. दाणे कोण टाकीन? इथं पिल्लं झाली तं ते सोडता येतीन. ते इथलेच होतीन."

तेव्हा मला उलगडलं की हा म्हातारा कशाची वाट बघतोय. जन्मभर सकाळ झाली की कबुतरं उडवणारा माणूस, आणि भिलाईत आल्यापासून त्याने आपलं एकही पाखरू आभाळात पाहिलं नव्हतं.

पहिली अंडी नासली. मादीचं वय झालं होतं, ती पुन्हा बसेल की नाही याची मामाजींना खात्री नव्हती. थंडीत मात्र ती बसली आणि दोन पिल्लं निघाली. मामाजी त्या दिवशी दोनदा चहा प्याले. पण पिल्लं डोळेही उघडत नव्हती तोच मादी मलूल झाली. मामाजींनी तिची चोच उघडून मला दाखवली. आत घशाशी पिवळं, नासक्या दुधाच्या गाठीसारखं काहीतरी चिकटलं होतं.

गावाकडे जोड्या लावायच्या आधी सासूबाई एकेक पाखरू हातात धरून त्याचा घसा बघायच्या, औषध पाजायच्या. एकदा जोडी बसली की औषध बंद, अगदी पिल्लं उडेपर्यंत. त्या साली त्याच नव्हत्या, त्यामुळे कोणी घसा बघितला नाही आणि औषधही राहून गेलं. हे मला मामाजींनीच सांगितलं.

बापलेक सायकलवरून मादीला घेऊन दुर्गच्या ढोरांच्या डॉक्टरकडे गेले. मी म्हटलं, म्हशी तपासणारा माणूस कबुतर हातात तरी घेईल का. पण त्या डॉक्टरने आधी विचारलं ते हेच की पिल्लं आहेत का आणि किती लहान. पुड्या दिल्या आणि बजावलं: औषध पाण्याच्या भांड्यात टाकायचं नाही, कारण मग नरही तेच पिणार आणि त्याच्याकडून ते पिल्लांच्या पोटात जाणार. मादी वेगळी काढा, तिचं पाणी वेगळं ठेवा, तिला हाताने औषध द्या. नराचा घसा रोज बघत जा. तो एकटा पिल्लं जगवेल, याची मात्र हमी नाही.

मी चमकले. मला ताप आला होता तेव्हा डॉक्टरीणबाईंनी गोळी लिहायच्या आधी हेच विचारलं होतं, लेकरू अंगावर पितं का. "पण मामाजी," मी म्हटलं, "ते तं बाईचं झालं. हे पाखरू. याच्यातून औषध पिल्लात जाईन कसं?"

त्यांनी मला खुराड्याशी बोलावलं. तळहातावर एक पिल्लू घेतलं आणि उजेडाकडे धरलं. बोटाएवढा जीव, पिवळी लव, भलंमोठं डोकं. गळ्याखालची कातडी इतकी पातळ की आतली पिशवी दिसत होती, आणि ती पांढऱ्या मऊ पेजेने गच्च भरली होती.

"दूध आहे," मामाजी म्हणाले.

"मादी तं सकाळपासून टोपलीत आहे. कोणाचं दूध?"

"बापाचं."

मी तिथंच फतकल मारून बसले. थट्टा करताहेत असं वाटलं. पण थोड्या वेळाने नर आला, पिल्लाने आपली चोच त्याच्या चोचीत खुपसली, आणि तो मान हलवत आपल्या गळ्याच्या पिशवीत तयार झालेलं दूध त्याच्यात ओतत राहिला. एक झालं की दुसरं. मी पदराखाली लेकरू घेऊन बसलेली, आणि समोर तो बाप्या आपल्या लेकरांना पाजतोय. इतकी वर्षं खेड्यात काढली, कबुतरं रोज बघितली, आणि ही गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. पुढे कितीतरी दिवस भाकरी थापता थापता मी मधेच उठून बघून यायची, आणि दर वेळी तितकीच थक्क व्हायची.

मादीची टोपली स्वयंपाकघरात बुद्धाच्या फोटोखाली ठेवली होती. मामाजी कणकेच्या लहानशा गोळीत औषध घालायचे, चोच हलकेच उघडायचे, गोळी मागे ठेवायचे आणि ती खाली उतरेपर्यंत दोन बोटांनी गळा चोळत बसायचे. ती आतून घुमायची. आंगणातून नर उत्तर द्यायचा आणि पुन्हा कामाला लागायचा.

नर वाळत चालला. पंख लोंबू लागले. माझा नवरा कारखान्यात कोक ओव्हनवर, म्हणजे कोळसा भाजायच्या भट्टीवर होता. तिथल्या धगीत माणसं घामाने कोसळतात म्हणून त्यांना मिठाच्या गोळ्या मिळायच्या. आमच्या क्वार्टरांच्या अख्ख्या लाइनीत ती गोळी म्हणजे सगळ्या अशक्तपणावर इलाज. कोणी चक्कर आली म्हटलं की गोळी, पाय दुखले की गोळी. नवऱ्याला त्या नराची दया आली. एका सकाळी ड्युटीवर जाताना त्याने कोणाला न सांगता मूठभर गोळ्या कबुतरांच्या पाण्यात विरघळवल्या.

दुपारी मी बघते तर नर भांड्यात चोच बुडवून पितोय, पाजतोय, पुन्हा पितोय. पिल्लांखालचं गवत ओलं किच्च झालेलं. धाकट्या पिल्लाची मान एका बाजूला पडलेली. मी पाण्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. खारट जहर.

मी भांडं लाथेने उडवलं. मामाजींनी पेला-पेला ताजं पाणी ठेवलं, नराने ते प्यायचं, ओतायचं, की पुन्हा ताजं. नवरा घरी आला तेव्हा मी त्याला असं फैलावर घेतलं की शेजारच्या बिहारी वहिनी कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. "ते तुमचं कोक ओव्हन आहे का? माणसाले झेपते ते त्या बोटाएवढ्या पिल्लाले झेपन का?"

"आमी त्या गोळ्यायवरच तं उभे राहतो," तो इतकंच म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. जेवला नाही. खुराड्यासमोर उकिडवा बसला, आणि मामाजी त्याच्या शेजारी.

सकाळी धाकट्याने मान उचलली आणि बापाच्या चोचीत खुपसली. मला रडू फुटलं. मग नवऱ्याने आत येऊन आमचं लेकरू माझ्या कडेवरून घेतलं, पहिल्यांदाच, न सांगता. "मले दूध तं येत नाही," तो म्हणाला. मी म्हटलं, "घेता तं येते ना? बस झालं."

मादीचा घसा साफ झाला. औषध थांबवल्यावरही मामाजींनी तिला काही दिवस वेगळंच ठेवलं, तिच्या अंगातून ते पुरतं निघून जाईपर्यंत. ती परतली तेव्हा पिल्लांना पिसं फुटली होती आणि पिल्लं आता लाखोळीच्या डाळीचे दाणे मागू लागली होती. तिने एकेकाला चोचीने चाचपलं आणि घरचंच काम असल्यासारखी भरवायला लागली.

एका सुट्टीच्या सकाळी मामाजींनी म्हाताऱ्या जोडीला फळीमागे अडवलं आणि दार उघडलं. पोरं आधी छपरावर बसली. मग धाकटं उडालं, त्याच्यामागे थोरलं. क्वार्टरांवरून दोन फेऱ्या मारल्या, मग कारखान्याकडे गेली, क्रेनच्या वर, आणि धुरात दिसेनाशी झाली. आम्ही सगळे माना वर करून उभे. मामाजींचे ओठ हलत होते. मला वाटलं, गेली. एवढं सगळं करून गेली.

मग धुराच्या या बाजूला दोन ठिपके दिसले. एकसारख्या दिसणाऱ्या तेवढ्या छपरांमधून त्यांनी आमचं छप्पर नेमकं ओळखलं आणि पंख फडफडवत उतरली. सगळी छपरं एकाच साच्यातली. नवी माणसं आपलं दार चुकायची. पाखरं चुकली नाहीत.

"घर सापडलं त्यायले," मामाजी म्हणाले आणि धोतराच्या सोग्याने डोळे पुसले.

त्या संध्याकाळी नवरा ओट्यावर बसून राहिला, रोजच्या प्रश्नाची वाट बघत. मामाजी आले, बाळाला मांडीवर घेतलं, छपराकडे बोट दाखवून त्याला कबुतरं दाखवत बसले. पॅसिंजरची वेळ त्यांनी विचारली नाही, त्या दिवशी नाही आणि पुढे कधीच नाही.