डांबर लागलं की उतरायचं

जनू गेल्याचा निरोप मला रोह्यात, कंपनीच्या गेटवर मिळाला. पेणहून त्याच्या मेव्हण्याचा फोन आला होता, आणि वॉचमनने तो चिठ्ठीवर उतरवून ठेवला होता... ‘जनू मिस्त्री वारले. कावीळ.’ मी चिठ्ठी खिशात घातली आणि उरलेली शिफ्ट पुरी केली. तीस वर्षांचा दोस्त म्हणवणाऱ्याने ताबडतोब निघायला हवं होतं, पण जनूच्या बाबतीत मी कधीच वेळेवर उठलो नाही.

आम्ही धरमतरच्या खाडीकाठचे, एकाच गावातले. दोघांचे बाप एकाच मिठागरावर राबले, आम्ही आयटीआयही बरोबरच केली. मी रोह्याच्या कंपनीत टेंपररी लागलो, त्याने पेणला गॅरेज टाकलं. आमच्या कंपनीच्या शेठच्या मुलाला शर्यतींचा नाद होता. त्याने जिप्सी घेतली आणि शर्यतीसाठी तयार करायला जनूकडे दिली. जनूने इंजिन पूर्ण खोलून बांधलं, स्प्रिंगा बदलल्या, आणि ती गाडी अशी पळायला लागली की महागड्या मोटारवाले आरशात बघून बाजूला व्हायचे. चारही चाकांना जोर द्यायचा की फक्त मागच्या दोन्हींना, हे ठरवायला गिअरशेजारी वेगळा लिव्हर होता. शिवाय पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध तळहाताएवढी चकती असते, तिला हब म्हणतात. ती खाली उतरून हाताने फिरवायची. लॉक केली की चाक ॲक्सलला जोडलं जातं, फ्री केली की सुटतं. “चिखलात चारी चाकं ओढू देत,” जनू बजावायचा. “पण डांबर लागलं का थांबायचं. गाडी हातभर मागं घ्यायची, लिव्हर टू-व्हीलला टाकायचा, नि खाली उतरून दोन्ही हब फ्री करायचे. दोघांचं पाय एकमेकांना बांधून वळणावर पळवलंस तर कोणतरी पडणारच ना? चिखलात चाक घसरतं म्हणून निभावतं. डांबरावर निभावत नाय.”

शर्यत हौशी लोकांची होती. खारजमिनीतून, बांधांवरून चिखल तुडवत जायचं आणि पुढे डांबरी रस्त्याने रोह्याच्या अंगाला. छोटे शेठ गाडी चालवत होते, मी शेजारी. डांबर लागल्यावर गाडी टू-व्हीलला आणायची आठवण करणं आणि उतरून हब फिरवणं, एवढ्यासाठीच जनूने मला बसवलं होतं. डांबर लागलं. मी म्हणालो, “साहेब, थांबा, उतरतो.” ते म्हणाले, “मागचे पुढे जातील. बस गप.” मी दुसऱ्यांदा सांगितलं नाही. चौथ्या वळणावर खाडकन आवाज झाला, स्टिअरिंग ओढलं गेलं आणि गाडी भाताच्या खाचरात उतरली. कुणाला फारसं लागलं नाही. छोटे शेठ आधी खाली उतरले, रस्त्यावर कुणी आहे का ते त्यांनी पाहिलं, आणि मला म्हणाले, “तो लिव्हर टू-व्हीलला घे.” मी घेतला. पुढचा ॲक्सल तुटलेलाच होता, लिव्हर अगदी अलगद सरकला.

थोड्या वेळाने शेठ आले, बरोबर जनू. “टू-व्हीलवर होतो, तरी मोडली,” मुलगा म्हणाला. शेठने माझ्याकडे पाहिलं. “व्हय, शेठ,” मी म्हणालो. जनू गाडीभोवती फेरी मारून आला आणि मला म्हणाला, “तुला लागलं नाय ना?” बस, एवढंच. महिनाभरात पेणपासून रोह्यापर्यंत बोभाटा झाला की जनूने बांधलेली गाडी वळणावर ॲक्सल मोडते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी. गिऱ्हाईक तुटलं, गॅरेज बंद झालं, आणि ज्याच्या हातात इंजिन बोलायचं तो धरमतरच्या जेट्टीवर डंपर चालवायला लागला. मी परमनंट झालो. आम्ही भेटत राहिलो, गणपतीला एकमेकांकडे जेवलो. त्याने तो विषय कधी काढला नाही, आणि खरं सांगायचं तर त्याच्या त्या न बोलण्याचा मला रागच यायचा. एकदा शिव्या घातल्या असत्या तर मी मोकळा झालो असतो...

दहाव्याला घाटावर तीच माणसं होती, ज्यांनी गाड्या दुसरीकडे नेल्या होत्या. “असा मिस्त्री पुन्हा होणे नाही,” असं एकमेकांना सांगत होती. छोट्या शेठने हार पाठवला होता. परतल्यावर वहिनींनी, जनूच्या बायकोने, मला आत बोलावलं. रडून रडून त्यांचा आवाज बसला होता. “भावोजी, तुमाला एक सांगायचं हाय,” त्या म्हणाल्या. “त्या गाडीचे दोन्ही हब लॉकच होते. कुणी उतरलाच नव्हता. हे बोलले असते तर तिथंच सगळं उघडं पडलं असतं. यांनी आपल्या हातानं ते फ्री केले. मी लय भांडले तेव्हा. तर म्हणतात, त्याची परमनंटची ऑर्डर यायची हाय गो, माझं काय, माझे हात हायेत.”

मी खाली बघत म्हणालो, “मला ठाऊक नव्हतं, वहिनी.”

हेही खोटंच होतं. त्या दिवशी मी बांधावर बसलो होतो, आणि पुढच्या चाकाशी उकिडवा बसून अंगठ्याने चिखल पुसत, आधी एक आणि मग पलीकडे जाऊन दुसरा हब फिरवताना मी त्याला पाहिलं होतं.