सुधारलेली आई

आज दिवाळी अंकाचं पाकीट फोडलं आणि ताज्या शाईचा तोच वास आला. आत संपादकांची चिठ्ठी होती: 'पुढच्या कथेत बोलीभाषा जरा जास्त येऊ द्या, वाचकांना आवडते.'

माझी पहिली कथा याच दिवाळी अंकात बऱ्याच वर्षांपूर्वी आली होती. डिंभ्याच्या धरणात गेलेल्या आमच्या घराची. अंक घेऊन घरी आलो तेव्हा आई ओट्यावर नाचणी पाखडत होती. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मीच वाचून दाखवू लागलो. त्यात तिचं एक वाक्य मी जसंच्या तसं घातलं होतं, 'आमचं घर हितं व्हतं, आता न्हाई.' छापून आलं होतं, 'आमचं घर इथे होतं, आता नाही.' मीही तसंच वाचलं.

आईनं सूप खाली ठेवलं.

"लई वंगाळ झालं रं. कुणा बाईचं घर गेलं म्हणायचं?"

"हाये एक, पुण्याकडची," मी म्हणालो.

भाषा सुधारून दिल्याबद्दल संपादकांचे आभार मानणारं कार्ड मी त्या दिवशी सकाळीच पोस्टात टाकलं होतं.