बारावी खुर्ची

फॅक्टरीतून रिटायर झाल्यापासून चेरीतालच्या चिंतामणी साळव्यांना एकच ध्यास लागला होता: पवित्र गुरुवारी चर्चमध्ये आपले पाय धुतले जावेत.

येशूने शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतले, म्हणून दर वर्षी पाळकसाहेब मंडळीतल्या बारा जणांचे पाय धुतात. हे बारा जण कोण, यावरून कार्यकारिणीत जी रस्सीखेच चालते ती पाहून येशूला विकणाऱ्या यहूदानेही कानाला खडा लावला असता. यंदा एक म्हातारे सभासद प्रभूघरी गेले आणि खुर्ची रिकामी झाली. साळव्यांनी शोकसभेत डोळे पुसले आणि चहाच्या वेळी सेक्रेटरी शैलजाताईंना गाठलं. खुर्ची मिळाली.

मग तयारी. पार्लरवाल्या राजश्रीकडून टाचा घासून झाल्या, नखं कापून झाली. गुरुवारी निघताना साळव्यांनी पाय साबणाने धुऊन वर पावडरही लावली.

"पाळकसाहेबांसाठी काही शिल्लक ठेवलं का जी?" बायकोने, विनताने विचारलं.

"घाण पाय पुढे करू काय? उपासना लाइव्ह दाखवून राहिले. पुण्याहून चिन्मयी पाहणार आहे."

लेकीला बाप त्या बारांत दिसावा, एवढंच त्यांना हवं होतं. पण चर्चमध्ये पोचून पाहतात तर त्यांच्या खुर्चीत अनुपम बसलेला! फॅक्टरीत साळव्यांच्या शेजारी काम केलेला, आता लांब बरगी गावी पुतण्याकडे राहणारा, साखरेच्या आजाराने पायाला जखम झालेला अनुपम. मागच्या रविवारी पाळकसाहेब प्रवचनात म्हणाले होते, "थकलेले, दुखरे पाय घेऊन या, प्रभू धुवायला बसला आहे." वाक्याची सगळ्यांनी वाहवा केली होती. खरं मानून बस पकडली ती एकट्या अनुपमने.

साळव्यांचा पारा चढला, पण तोवर गाणं सुरू झालं होतं; ते खुर्चीमागेच उभे राहिले. कमरेला टॉवेल गुंडाळून पाळकसाहेब एकेक खुर्ची करत बाराव्या खुर्चीशी आले आणि ती मळकी पट्टी पाहून थबकले. गाणाऱ्यांनी तेच कडवं पुन्हा धरलं.

"साळवेजी, इन्हें ज़रा उठाइए," पाळकसाहेब कुजबुजले.

अनुपमला कमी ऐकू येई. त्याच्या कानाशी लागायला साळवे गुडघ्यांवर बसले, आणि अनुपमचा चेहरा खुलला.

"तू धुणार काय रे चिंतामणी? बरं झालं. पाळकसाहेबांपुढे लाज वाटून राहिली होती मला." असं म्हणून त्याने पाय सरळ साळव्यांच्या हातात दिला आणि डोळे मिटले.

साळव्यांना हात काढून घ्यावासा वाटला, पण त्या मिटल्या डोळ्यांपुढे ते जमेना. त्यांनी घंगाळातल्या गुलाबाच्या पाकळ्या बाजूला सारल्या, पट्टी सांभाळून बोटांमधली धूळ काढली, टाच धुतली. या पायांनी अनुपम वर्षानुवर्षं त्यांच्याबरोबर फॅक्टरीत आला होता, आणि तो आजारी पडल्यावर ते एकदाही बरगीला गेले नव्हते. रडू कधी आलं ते त्यांनाच कळलं नाही. कॅमेरा तेवढ्यात वेदीवरच्या फुलांकडे वळला होता.

रात्री चिन्मयीचा फोन आला. "बाबा, तुम्ही दिसलेच नाही! फुलंच दाखवत होते."

ईस्टरनंतर कार्यकारिणी बसली. शैलजाताईंनी ठराव मांडला की पुढच्या वर्षी निरोगी पायांचेच सभासद निवडावेत. शेवटी स्वच्छतेचा प्रश्न आहे. पाळकसाहेब साळव्यांकडे पाहून गोड हसले. "आपली खुर्ची तर पक्कीच आहे, साळवेजी." भराभर हात वर झाले. साळव्यांनी एकदा सगळ्यांकडे पाहिलं, आणि त्यांचाही हात वर गेला.

पुढच्या रविवारी अनुपम चर्चच्या फाटकाशी उभा होता, पायाला पांढरीशुभ्र पट्टी.

"जखम भरून राहिली रे. पुढच्या वर्षी बी तूच धुशील ना?"

"हो रे," साळवे म्हणाले. त्यांना त्याच्याकडे मान वर करून पाहवलं नाही.