बाबांनी कुठे जायचं?

सौदीतल्या दम्माममध्ये राहून मी सार्वजनिक आरोग्याचा ऑनलाइन अभ्यासक्रम करत होते. भारत आणि सौदीच्या आरोग्य धोरणांची तुलना लिहायला घेतली होती, त्याच आठवड्यात व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे आलेल्या बाबांच्या छातीत कळ आली.

हॉस्पिटलमध्ये लगेच दाखल करून घेतलं, जीव वाचला. पण बायपासचं नाव निघताच विम्याच्या काउंटरवरचा माणूस म्हणाला, "मॅडम, इमर्जन्सी खलास. आगे का कवर नहीं है." मी पुण्याला भावाला फोन केला. बाबांच्या तिथल्या पॉलिसीत त्यांच्या जुन्या हृदयविकारासाठी थांबायची मुदत अजून संपली नव्हती.

घरी आल्यावर बाबांनी विचारलं, "तू दोन्हीकडचं वाचतेयस ना? मग मी कुठे जाऊ?"

"आधी जेवून घ्या," मी म्हणाले.

डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिल्यावर बाबा व्हीलचेअरवरून विमानाकडे गेले. भावाने तिकडे सरकारी रुग्णालयात नंबर लावलाय. अजून बोलावणं आलेलं नाही. मी तुलना पूर्ण केली. 'सेवा सर्वांना उपलब्ध आहे' असं लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. त्याऐवजी काय लिहायचं, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं.