आमच्या घरचे तीन पेंटर

दिवाळीआधी महिनाभर आमच्या धाराशिवच्या घरी पेंटर रोज 'उद्या' येत होता. ढोकीला एका बंगल्याचं काम धरलंय, ते उरकलं की तुमचंच, असं तो फोनवर इतक्या मायेनं सांगायचा की त्याच्यावर रागावणं जिवावर यायचं. शेवटी शाळेला सुट्ट्या लागल्या त्या दिवशी माझ्या नवऱ्यानं जाहीर केलं, "आपणच रंगवू. त्यात काय अवघड आहे?"

आम्ही दोघं एकाच शाळेत. ते विज्ञान शिकवतात आणि मी मराठी. तेव्हा अवघड काय नि सोपं काय हे घरात कुणी ठरवायचं, ते उघडच आहे.

त्यांनी आधी अभ्यास केला. दोन दिवस पलंगावर पडून रंगकामाचे व्हिडिओ पाहिले. मग बाजारातून दोन रोलर, चिकटपट्ट्या, हातमोजे, डोळ्यांचा चष्मा आणि डोक्याची टोपी आणली. हे सगळं अंगावर चढवून ते बैठकीत उभे राहिले, तेव्हा दूधवाला दारातूनच परत फिरला. रंग आणायचा राहिला होता. तो मी आणला.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, कॉटवर बसून हे बघत होत्या. त्यांचं माहेर उमरग्याकडं, कानडी मुलखाच्या कडेला. अर्ध्या जन्माच्या भिंती त्यांनी पांढऱ्या मातीनं स्वतः पोतारल्या आहेत. त्या उठल्या, भिंतीवरून हात फिरवला आणि पांढराफटक तळवा लेकाला दाखवला.

"हे बघ, भिंत पीठ सोडायली. आधी खरवड, धू. मग रंग."

"आई, तुझ्या काळच्या भिंती वेगळ्या. आता रंगातच सगळं असतं," विज्ञान म्हणालं.

"असंल बाबा," म्हणून त्या परत कॉटवर जाऊन बसल्या. मी रंगाचा डबा उघडून दिला. सव्वीस वर्षांच्या संसारात कुठं बोलायचं नाही एवढं तरी शिकलेच होते.

पहिली भिंत दुपारपर्यंत झाली. लोण्यासारखा पिवळा रंग, आणि खरं सांगायचं तर छान दिसत होता. यांनी चार बाजूंनी फोटो काढले, भावकीच्या ग्रुपवर टाकले. येरमाळ्याहून धाकट्या दिरांचा लगेच फोन आला, "दादा, काय हात आहे तुमचा!" दादांनी त्यांना रोलर कसा धरायचा यावर वीस मिनिटं ऐकवलं. पंखा लावला होता, रंग वाळत आला होता आणि तेवढ्यात भिंतीचा वरचा कोपरा पापडासारखा फुगला. मग मधला भाग फुगला. यांनी एका फुग्याला बोट लावलं, तर हातभर रंगाचा पापुद्राच खाली आला.

"अय्यय्यो! साकु, साकु!" कॉटवरून आत्याबाई ओरडल्या. 'साकु' म्हणजे पुरे. लेकाला रागवायचं असलं की त्या माहेरच्या भाषेत जातात.

"कंपनीचा मालच खराब आहे," नवरा म्हणाला. आणि त्याच आवेशात बादली उचलायला वाकला. वाकला तो वाकलेलाच राहिला. बादली रिकामी होती, हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

डॉक्टरांनी आठ दिवस पडून राहायला सांगितलं. कंबरेला पट्टा बांधून हे आडवे झाले आणि कॉट रिकामी करून आत्याबाई उठल्या. पदर खोचला. म्हणाल्या, "बादलीत पाणी आन. बिगीनं."

पुढचे सहा दिवस आम्ही दोघीच. त्या खाली बसून कंबरेएवढी भिंत ओली करायच्या, पत्र्यानं खरवडायच्या. मी स्टुलावर चढून वरची. मग धुणं, दोन दिवस वाळवणं, प्रायमर, दोन हात रंग. पलंगावरून सूचना अखंड चालू होत्या. "डावीकडं सुटलंय," असा आवाज आला की आत्याबाई म्हणायच्या, "व्हय रे बाबा," आणि उजवीकडं जायच्या. त्या सहा दिवसांत त्या माझ्याशी जेवढं बोलल्या तेवढं आधीच्या सव्वीस वर्षांत बोलल्या नव्हत्या. एकदा ब्रश चालवता चालवता म्हणाल्या, "तुझा हात चांगला हाय गं." स्वयंपाकाबद्दल हे वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं.

भाऊबीजेला येरमाळ्याचे सगळे आले. बैठक बघून दीर म्हणाले, "दादा, मानलं तुम्हाला!" दादा पट्टा सावरत म्हणाले, "मुख्य म्हणजे भिंत आधी खरवडून घ्यावी लागते. लोक तिथंच चुकतात." मी चहा ठेवायला आत गेले. आत जाऊन मनसोक्त हसले.

उरली आत्याबाईंची खोली. मी विचारलं, "आत्याबाई, तुम्हाला कुठला रंग पाहिजे?"

त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. आजवर हे त्यांना कुणी विचारलंच नसावं. मग ठामपणे म्हणाल्या, "वांग्याचा."

"आई, दिवसा अंधार होईल खोलीत!" नवरा कळवळला.

"दोन्ही डोळ्यात मोतीबिंदू हाय. मला तसाबी कुठं उजेड दिसतोय?"

दुकानदारानं दोनदा विचारलं, घरालाच लावायचाय ना? नक्की ना? लावला. आता त्या खोलीत भर दुपारी दिवा लावावा लागतो. चष्मा शोधायचा तर भिंत चाचपत जावं लागतं. नवरा दारात उभा राहून सुस्कारा सोडतो. आणि आत्याबाई गल्लीतल्या एकेकीला हाताला धरून आत नेतात, दिवा लावतात आणि सांगतात, "आमी दोघींनी दिलाय रंग."

एवढी ओंगळ खोली धाराशिवात दुसरी नसेल. पण ते 'दोघींनी' ऐकायला मी दर वेळी काहीतरी निमित्त काढून तिथं जाते.