फणसाची गिटार

दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी मी आमच्या इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, पाद्रीसमोर गुडघे टेकतो आणि पापं सांगतो. बायकोवर डाफरलो. शाळेत एका पोराला कारण नसताना छडी मारली. शेजाऱ्याच्या नव्या कौलांवर जळलो. इतक्या नेमाने सांगतो, की पाद्रीला पाठ झालं असेल. पण एक गोष्ट — ती ओठापर्यंत येते आणि मी दुसरंच काहीतरी बोलून उठतो. बायकोला सांगितली नाही, पाद्रीला सांगितली नाही. तुम्हाला सांगायला बसलोय ते एवढ्याचसाठी, की तुम्ही इनासला कधी पाहिलेलं नाही. पाहिलं असतंत, तर माझी हिंमत झाली नसती.

कुठून सुरू करू? गिटारीपासूनच करतो. मी मालवणच्या दक्षिणेला, समुद्राकाठच्या एका गावात प्राथमिक शाळेचा मास्तर. गिटार हा माझा पोटापाण्याचा धंदा नाही, नाद आहे — विशीत लागला तो सुटला नाही. मे महिन्यात आमच्याकडे घरोघरच्या क्रुसापुढे — आम्ही खुरीस म्हणतो — लदीन होते, म्हणजे संध्याकाळची गाऊन केलेली प्रार्थना. त्यात व्हायोलिनच्या जोडीला मी बसायचो. लग्नातही बोलावणं यायचं. माझी पहिली गिटार मामाची, गोव्याहून आलेली. तिला वाळवी लागली आणि एके दिवशी तिच्या पोटातून भुसा गळायला लागला. गोव्यात तेव्हा पोर्तुगीज होते, आमच्या बाजूने वाट बंद होती. दुसरी आणायची कुठून?

इनास सुतार माझा शेजारी, लहानपणापासूनचा दोस्त. दारं-खिडक्या, होड्या, शवपेट्या — गावात लाकडाचं जे काही व्हायचं ते त्याच्या हातचं. तो म्हणाला, मी करून देतो. त्याच्या परसातला फणस वादळात पडला होता. मृदंग फणसाचा होतो, वीणा फणसाची होते, मग गिटार का नाही? वाळवीने खाल्लेली गिटार त्याने उकलली, एकेक तुकडा कागदावर ठेवून भोवती पेन्सिलीने रेघ मारली आणि दोन वर्षं, हातातली कामं सांभाळून, तो त्या एका वस्तूपाशी बसला. दारं तो लोकांसाठी करायचा. ही गिटार त्याने स्वतःच्या हौसेने केली, आयुष्यात पहिल्यांदा. माझ्याकडून काही घेतलं नाही.

चांगली होती का ती? होय, चांगली होती. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढे मीच एखादी पळवाट काढेन. रंगाने पिवळी, हाताला जड, आवाज जरा खोल. दर रविवारी इगर्जीतलं मीस आटोपलं की इनास यायचा, ओट्यावर बसायचा आणि मी वाजवत असताना गिटारीच्या पोटावर हलकेच तळवा ठेवायचा. गाभण गाईच्या पोटावर ठेवतात तसा. आधी मला त्याचं कौतुक वाटायचं. मग सवय झाली. मग — खरं सांगायचं तर — राग यायला लागला.

झालं असं, की एका लग्नात बोटीवरचा एक खलाशी परदेशी गिटार घेऊन आला. चकचकीत, वजनाला फुलासारखी. तिच्यावर मी दोन गाणी वाजवली. हात माझेच, पण सूर असे मोकळे सुटले की मी मधेच थांबलो. नंतर माझी गिटार पुन्हा मांडीवर घेतली, तेव्हा मांडवातल्या कुणीतरी विचारलं, मास्तर, हिच्यातून गरे कधी निघणार? सगळे हसले. इनासही हसला. मीही हसलो, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत बसून मुंबईच्या मेव्हण्याला पत्र लिहिलं — माझ्यासाठी एक नवी गिटार बघ.

उत्तर जूनच्या तोंडावर आलं. गिटार मिळाली आहे, पण बोटी आता बंद होतील. पावसाळ्यानंतरच्या पहिल्या बोटीने पाठवतो.

तुम्ही म्हणाल, मग अडचण काय होती? इनासला सांगायचं, बाबा रे, नवी येतेय. तुमच्याकडे असं सरळ बोलत असतील. आमच्याकडे कुणी हाताने करून दिलेली वस्तू धड असताना तिच्या जागी विकतची आणली, तर ते त्याच्या थोबाडीत मारल्यासारखं असतं. त्याची वस्तू जुनी होऊ शकते, मोडू शकते, पण नावडू शकत नाही. मोडली तर कुणाचाच मान जात नाही, दुसरी आणता येते. म्हणजे पहिली बोट लागायच्या आत फणसाची गिटार मोडायला हवी होती. आणि ती मोडणाऱ्यातली नव्हती.

हे मी कधी ठरवलं? तसा ठरवल्याचा दिवस आठवत नाही. आठवतं ते एवढंच — पाऊस लागला तेव्हा इनासने मला बजावलं होतं, "मास्तर, तारो ढिल्यो करून ठेव हां. सरस ओल धरता, मगे घोडी सुटतली." घोडी म्हणजे गिटारीच्या पोटावरची ती लाकडी पट्टी, जिला तारा ओढून धरतात. ती नुसत्या सरसावर चिकटलेली असते. गिटार कशी सांभाळायची ते त्याने सांगितलं, आणि मी ऐकलं ते मात्र ती कशी मोडते.

पुढच्या खोलीतल्या कोरड्या भिंतीवरून मी गिटार काढली आणि मागच्या भिंतीवर टांगली. पावसात त्या भिंतीला हात लावला तर बोटं ओली होतात. आणि रोज शाळेतून आलो की एकेक खुंटी पिळायचो. थोडीच. अर्धा वेढाही नाही. मग कान लावून बसायचो. लाकूड बारीक कुरकुरायचं. तरी दुसऱ्या दिवशी हात खुंटीकडे जायचाच. माझी बायको रोजा एकदा चुलीपासून म्हणाली, "आज सूर चढलेलो दिसता." मी म्हटलं, हवा दमट आहे. तिला काय कळलं, काय नाही — मी कधी विचारलेलं नाही.

जुलै गेला. घोडी सुटेना. इनासचं काम किती पक्कं होतं हे त्या गावात माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण ते मोडायला मीच बसलो होतो.

एका रविवारी धो धो पावसात तो छत्री झाडत आला. तारा ढिल्या केल्यास ना, त्याने विचारलं. होय म्हणालो. बघू तरी, म्हणत तो आत वळला. त्या दिवशी तारा अशा ताणलेल्या, की बोट लागलं असतं तरी त्याला कळलं असतं. मी त्याच्या वाटेत उभा राहिलो. रोजाला बरं नाही, मागे निजलीय, असं म्हणालो. रोजा चुलीपाशी भाकऱ्या थापत होती. थापण्याचा आवाज येत होता, इनासलाही येत असणार. त्याने माझ्याकडे बघितलं, मग ओट्यावर बसला, चहा प्यायला आणि गेला. त्याला काय वाटलं असेल? नवरा-बायकोचं भांडण झालंय, असंच वाटलं असणार. माझ्याबद्दल वाईट विचार करायची त्याला सवय नव्हती.

ऑगस्टात एका शनिवारी, अर्ध्या दिवसाची शाळा करून मी जेवायला बसलो होतो, तेव्हा आवाज झाला. कौलांवर नारळ पडावा तसा. घोडी उडाली होती आणि जाताना पोटाची वीतभर फळी उपटून घेऊन गेली होती. रोजा धावत गेली. मी ताटावर तसाच बसून राहिलो. मला काय वाटलं सांगू? बरं वाटलं. सुटलो असं वाटलं. भात संपवला आणि मग उठलो.

घोडी उडाली की तारा आपोआप ढिल्या पडतात. कुणी किती पिळल्या होत्या याची खूण उरत नाही. गोणपाटात गुंडाळून मी गिटार इनासकडे नेली. त्याने ती मांडीवर घेतली, फाटलेल्या जागेवरून अंगठा फिरवला, सरसाचा एक खपला काढून हुंगला. मग एकदाच विचारलं.

"तारो ढिल्योच होत्यो मा रे?"

"होय," मी म्हणालो.

"मगे माझोच हात चुकलो," तो म्हणाला. "लाकूड नीट सुकाक नाय. घाई केलंय मी."

दोन वर्षं लावून केलेल्या कामाला तो घाई म्हणत होता, आणि मी मूग गिळून उभा होतो. वर त्यानेच हळहळून विचारलं, आता लग्नाच्या दिवसांत तू वाजवणार काय? बघू, मी म्हणालो, मेव्हण्याला लिहून बघतो.

पहिली बोट आली तेव्हा तो माझ्याबरोबर मालवण बंदरात आला. खोकं मोठं असणार, एकट्याला झेपणार नाही, म्हणाला. बोट बाहेर खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं, सामान छोट्या पडावातून किनाऱ्याला यायचं. इनास कमरेएवढ्या पाण्यात उतरला आणि खोकं खांद्यावर घेऊन आला, थेंबही लागू न देता. घरी खिळेही त्यानेच उपसले. आत वरच मेव्हण्याची चिठ्ठी होती. तिची पहिली ओळ मला उभ्यानेच दिसली — मे महिन्यात तुम्ही लिहिल्याप्रमाणे. इनासला वाचता यायचं, सावकाश, अक्षरं लावून. त्याने चिठ्ठी उचलली. हात ओले आहेत म्हणून कोपऱ्याला धरली, आणि न वाचता माझ्या हातात दिली. मी ती खिशात कोंबली. तो मात्र नव्या गिटारीचे सांधे बघत बसला, आत वाकून बघितलं, बोट फिरवलं. चांगली केलीय, म्हणाला. रविवारी तो पुढेही येत राहिला, पण तिच्या पोटावर त्याने कधी हात ठेवला नाही.

इथवर ऐकून तुम्हाला वाटेल, एवढंच? एक गिटार मोडली, दोन-तीनदा खोटं बोललो. मीही स्वतःला वर्षभर हेच सांगत होतो. पण ओठाशी येऊन जे फिरतं, ते हे नाही. ते पुढेच आहे.

दीडेक वर्षाने वेंगुर्ल्याकडच्या एका पाद्रीचा इनासला निरोप आला. त्यांच्या कपेलातलं, म्हणजे छोट्या प्रार्थनागृहातलं, व्हायोलिन फुटलं होतं आणि गोव्याची वाट अजून बंदच होती. इनासने गिटार केली होती हे त्यांच्या कानावर गेलं होतं, ती मोडली हे गेलं नव्हतं. व्हायोलिन करून देशील का? जमलं तर आणखी दोन हवी होती. दुपारच्या सुट्टीत इनास शाळेत आला. शाळेत तो कधी येत नसे. पातळ फळीतून कापलेला व्हायोलिनचा आकार त्याने पिशवीतून आणला होता, कडा घासून गुळगुळीत केलेला. म्हणजे त्याने सुरुवात केली होती. फळी माझ्या टेबलावर ठेवून तो उभा राहिला. बस म्हटलं तरी बसला नाही.

"मास्तर, तू वाजवणारो," तो म्हणाला. "तू सांग. माका जमात?"

उत्तर माझ्या तोंडात होतं. तुझ्या हातात काही खोट नव्हती, तारा मी पिळल्या. वर्गात कुणी नव्हतं, दुसऱ्या कुणी ऐकलं नसतं. तेही राहू दे — नुसतं "जमेल" म्हणालो असतो आणि बाकीचं गिळलं असतं, तरी त्याला पुरलं असतं. एक शब्द. तो मी का म्हणालो नाही? कारण खुर्चीत बसल्या बसल्या माझ्या मनात आलं, की व्हायोलिन जमलं आणि चार पावसाळे टिकलं, तर एक दिवस हाच माणूस येऊन विचारेल — मग तुझी गिटार कशी रे फुटली?

"नको, इनास," मी म्हणालो. "परत फुटला तर परगावात तुझा नाव जायत."

काळजीच्या आवाजात म्हणालो. तो आवाज मला चांगला जमतो, मास्तर आहे ना. इनासने मान हलवली, फळी पिशवीत घातली आणि गेला.

पाद्रीला त्याने नाही कळवलं. वाद्याच्या लाकडाला पुन्हा शिवला नाही. पण तेवढ्यावर थांबलं असतं तर! साध्या दाराच्या चौकटीचं लाकूड सुकलं की नाही, हे तो दुसऱ्या सुताराला विचारू लागला. ज्याच्या अंगठ्यावर सारा गाव विसंबायचा, त्याचा स्वतःच्या अंगठ्यावरचा विश्वास उडाला. हळूहळू मोठी कामं त्याने सोडली. शेवटची काही वर्षं तो आंब्याच्या पेट्या ठोकत होता. मी नव्या गिटारीवर वाजवत होतो, आणि लोक म्हणत, मास्तरांचा हात आता बसला.

दोन वर्षांपूर्वी इनास गेला. आजारपणात मी रोज त्याच्याकडे जायचो. दोस्ती असावी तर अशी, असं लोक म्हणायचे. बघायला येणाऱ्यांना इनास ती व्हायोलिनची गोष्ट सांगायचा, अगदी शेवटच्या आठवड्यापर्यंत. "मास्तरान माका वेळेर आडवल्यान," म्हणायचा, "नायतर लोक हसले असते." आणि माझा हात धरायचा.

लाकूड नीट सुकलेलं होतं. मला ते माहीत होतं. मी त्याच्या हातातला हात काढून घेतला नाही, आणि काही बोललोही नाही.